पश्चात कोण कोण?

नोकरीच्या पहिल्याच दिवशी बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, चष्मा नाकावर सरकवला आणि विचारलं, "तुझ्या पश्चात कोण कोण?"

मी तेव्हा चांगली धडधाकट होते. अंगावर नवाकोरा ड्रेस, पर्समध्ये नेमणुकीचं पत्र, आणि आमच्या पेपरच्या छोट्या जाहिरातींच्या टेबलावर बसायचं म्हणून पर्सची चेन सारखी उघडमीट करत होते. त्यात हा प्रश्न. मी कसंबसं म्हटलं, "बाई, मी अजून आहे की!" त्या म्हणाल्या, "हायस की. दिसतंय मला. घरी कोण कोण हाय ते विचारलाले मी." सगळं ऑफिस फिस्कन हसलं. घरच्यांची चौकशी करायची बाईंची रीतच ती होती. निधन वार्तेच्या टेबलावर इतकी वर्षं काढल्यावर 'घरी कोण असतं' हा साधा प्रश्न त्यांच्या तोंडातून सरळ निघेनासा झाला होता. ऑफिसात मागून सगळे त्यांना पश्चातबाई म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं, आणि माझी खात्री आहे की मनातून आवडतही होतं.

बाई मूळच्या मैंदर्गीच्या, लिंगायतांचे गुरू म्हणजे जंगम, त्यांच्या घरातल्या. कपाळावर विभूतीचे पुसट पट्टे, गळ्यात शिवलिंगाची चांदीची डबी, अंगावर बारा महिने इरकल. मराठी बोलता बोलता मधेच कानडीत शिरायच्या आणि परत यायच्या. ऐकणाऱ्याला कळायचंही नाही की आपण कधी हद्द ओलांडली. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं म्हणून एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "सवड कुठं मिळाली गं? रोज कोणतरी जातंयच."

बाईंचं एका शब्दाशी वैर होतं. मनमिळाऊ. लोक लिहून आणायचे त्या प्रत्येक कागदावर तो असायचाच: प्रेमळ, कष्टाळू व मनमिळाऊ स्वभावाचे अमुक अमुक यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. बाई त्यावर आडवी रेघ मारायच्या आणि म्हणायच्या, "ह्या सोलापुरात मनमिळाऊ नसलेलं माणूस आजवर मेलंच न्हाई बघ. मग ती भांडकुदळ माणसं जातात तरी कुटं?" समोरचा माणूस रडून सुजलेल्या डोळ्यांनी बघत राहायचा. आता हा चिडणार, असं मला वाटायचं. काही जण चिडायचेही.

पण त्याआधी एक गोष्ट झालेली असायची. माणूस कागद घेऊन आला की बाई कागदाला हात लावायच्या नाहीत. खुर्ची पुढे ओढायच्या, माठातलं पाणी स्वतः उठून आणायच्या. "आदी पाणी. मग नाव." तो पाणी पिईपर्यंत गप्प. मग चष्मा काढून ठेवायच्या आणि विचारायच्या, "एक खोड सांगा." कसली खोड, असं समोरचा म्हणायचा. "त्यांची. गेलेल्यांची. गुण सगळ्यांचे सारखेच असतेत ओ. खोडीवरनं माणूस वळखू येतंय."

साखर पेठेतले एक यंत्रमागवाले आजोबा गेले तेव्हाचं मला चांगलं आठवतं. तिघं मुलगे आले होते. थोरल्यानं खोडीचं ऐकून टेबलावर हात आपटला. म्हणाला, "आमचा बाप गेलाय आणि तुम्ही नावं ठेवायला सांगताय?" धाकटा मात्र रडता रडता हसायला लागला. "अण्णय्या, टॉवेलचं सांग की," असं थोरल्याला म्हणाला, आणि त्यानं स्वतःच सांगितलं. त्यांचे नान्ना, म्हणजे वडील, म्हणे रस्त्यात कुणाच्याही खांद्यावरचा टॉवेल ओढून काठ तपासायचे. लग्नात, देवळात, दवाखान्यातसुद्धा. काठ वाकडा निघाला तर त्या अनोळखी माणसाला फैलावर घ्यायचे. दुसऱ्या दिवशी छापून आलं: 'कुणाच्याही खांद्यावरच्या टॉवेलचा काठ तपासून पाहणारे.' महिन्याभरानं तोच थोरला मुलगा पेढे नव्हे, दोन टॉवेल घेऊन आला. भेटायला येणारा प्रत्येक जण टॉवेलची आपली आपली गोष्ट सांगत होता म्हणाला. घरात रडणं कमी आणि बोलणं जास्त झालं. बाईंनी टॉवेल उलगडून आधी काठ बघितला आणि मगच घेतले.

कुणाच्या घरी गेलेल्याला काय म्हणतात, ह्याबाबत बाई फार कडक होत्या. बौद्ध घरातला माणूस कालकथित, मुसलमानाच्या घरातला पैगंबरवासी, चर्चला जाणारा ख्रिस्तवासी, त्यांच्या स्वतःच्या लोकांत लिंगैक्य. एकदा नव्या उपसंपादकानं घाईघाईत सगळ्यांना सरसकट 'कै.' लावून टाकलं. बाईंनी रात्रपाळी सुरू व्हायच्या आत पान परत मागवलं. "ज्याला त्याला त्याच्या घरच्या दारातनं न्यायचं असतंय," म्हणाल्या. "दुसऱ्याच्या दारातनं काढलं तर ते माणूस बावरतंय." उपसंपादक म्हणाला, ते आता कशाला बावरतंय? बाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्यानंतर त्यानं पुन्हा तसं केलं नाही.

आता बाईंची खोड सांगते, नाहीतर माझ्याच मजकुरावर रेघ मारायच्या त्या. बाईंजवळ स्वतःचं पेन कधीच नसायचं. ज्याच्या घरची बातमी, त्याच्याच खिशातलं पेन मागून घ्यायच्या आणि परत द्यायच्या नाहीत. आमच्या ऑफिसातली पेनं तर त्यांच्या पिशवीत अशी गडप व्हायची की विचारू नका. मागितलं की म्हणायच्या, "तुझंच कशावरनं?"

जिवंत माणसांकडे त्या कशा जायला लागल्या, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. एकदा दोन भाऊ टेबलाशीच हमरीतुमरीवर आले. वडील घरी अजून दारात ठेवलेले, आणि इथे 'त्यांच्या पश्चात' पुढे सावत्र बहिणीचं नाव घालायचं की नाही, यावर ह्यांची जुंपलेली. बाई उभ्या राहिल्या. "ते होते तवा विचारलं असतं तर?" त्यानंतर, माणूस असतानाच विचारून घ्यावं असं ज्यांना ज्यांना वाटायचं, ते बाईंना बोलावून नेऊ लागले. दवाखान्यात, चाळीत, विडी कामगारांच्या घरकुलात. बाई डबा खाऊन निघायच्या आणि आजाऱ्याच्या पायाशी बसायच्या. उशाशी नाही, पायाशी. पायाचा अंगठा हातात धरून. मी विचारलं तर म्हणाल्या, "आमच्या बापाच्या पायाला लोक वाकायचे. जंगमाचे पाय धरायची रीतच हाय आमच्यात. मी उलटं फेडलाले." देवाचं नाव त्या आपणहून काढायच्या नाहीत. आजाऱ्यानं काढलं तर त्याच्या देवाचं घ्यायच्या. आणि मग हळूच विचारायच्या, "पश्चात कोण कोण?"

सांगताना माणसं रडायची, हसायची, एखादं नाव घेऊन थांबायची. बाई लिहून घ्यायच्या आणि लिहिलेलं त्यालाच वाचून दाखवायच्या. सख्खं-चुलत त्या विचारायच्या नाहीत. एका म्हाताऱ्यानं शेजारच्या चहावाल्याचं नाव सांगितलं, तेही घातलं. घरचे कुरकुरले तेव्हा म्हणाल्या, "ज्याला मागं राहिल्यासारखं वाटतंय, तो पश्चात. रक्त तपासायला मी काय लॅब हाय?" मात्र एखादं नाव सांगायचं राहिलं असं वाटलं, तर कागद घडी करून पिशवीत ठेवायच्या. "अपुरी हाय. अपुरी बातमी जात न्हाई." दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

हे सगळं मी शेजारच्या टेबलावरून कौतुकानं बघत होते. आमच्याही घरी ते येऊन ठेपेल, असं काही वाटलं नव्हतं.

मला एक अक्का आहे. शैला. हे एवढंसं वाक्य आमच्या घरात बरीच वर्षं कुणी उच्चारलं नव्हतं. आमचे अण्णा एसटीत कंट्रोलर. सगळी हयात टेंभुर्णीच्या स्टँडवर गाड्या सोडण्यात गेली, त्यामुळे घरातही माईकवर बोलल्यासारखंच बोलायचे. अक्कानं प्रमोद बनसोडेशी लग्न केलं. पोरगा शिकलेला, हायस्कुलात मास्तर, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. जावई म्हणून लोक जे जे मागतात ते सगळं. फक्त तो बौद्ध. बस्स, तेवढ्यावर अण्णांनी पाहुण्यारावळ्यांसमोर जाहीर करून टाकलं, "मला एकच मुलगी." ती एक म्हणजे मी. दादाच्या लग्नपत्रिकेत अक्काचं नाव नव्हतं. अण्णा रिटायर होऊन आम्ही सोलापुरात घर केलं, अक्का विजापूर रोडला राहायची, रिक्षानं पाव तासाच्या अंतरावर. मी जायचे तिच्याकडे, गुपचूप. आईनं मात्र एकदाही तिचं नाव काढलं नाही. मी विषय काढला की उठून भाकरी थापायला जायची, पोटभर जेवण झालेलं असलं तरी.

आईचा सकाळचा चहा बाईंच्या कॉलमाबरोबर व्हायचा. बोट ठेवून एकेक बातमी वाचायची. "बघ गं, हिच्या पाचीच्या पाची लेकी घातल्यात," म्हणायची. किंवा, "ह्यांनी जावयाचं न्हाय घातलं. काय तरी झालं आसंल." म्हाताऱ्या माणसांना असते तशी ही सवय, असं आम्ही समजत होतो. तिकडे अक्काही तेच पान वाचायची. एकदा मला म्हणाली, "नंदे, उद्या तुमच्या पेपरात 'एक मुलगी' असं छापून आलं, तर मी आईची कोण, ते लोकांनी कुठं बघायचं गं?"

आईचं पोटाचं दुखणं निघालं ते एकदम शेवटच्या टप्प्यावर. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, मागतील ते खायला द्या. घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तिला म्हटलं, "अण्णा चारला फिरायला जातात. तेवढ्या वेळात अक्काला आणते. कुणाला कळायचंही नाही." आईनं माझा हात घट्ट धरला. म्हणाली, "नगं. त्यांच्या जिवावर यील."

आणि मग तिनं सांगितलं. अक्का गेली त्या दिवशी अण्णांनी आईला शपथ घातली होती. तिचं नाव काढलंस, तिचं तोंड बघितलंस, तर माझं मेलेलं तोंड बघशील. ही बाई एवढी वर्षं ती शपथ पाळत होती! मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "अगं आई, असल्या शपथांनी माणसं मरायला लागली, तर सगळं सोलापूर ओस पडेल!" ती म्हणाली, "तुजं शिक्षण झालंय बाई. माजं काळीज न्हाय धजत." पोटच्या पोरीला बघायला जीव तुटत होता, आणि नवऱ्याचा जीव जाईल म्हणून तोंड शिवून पडून होती. मी रागानं स्वयंपाकघरात जाऊन खूप भांडी आपटली. दुसरं काय करणार होते?

दोन दिवसांनी आईच म्हणाली, "तुज्या त्या बाईंस्नी बोलीव. माजी बातमी त्याच लिवणार न्हवं? मग मला ईचारून लिवा म्हणावं."

बाई दुपारी आल्या. अण्णा दारातच खुर्ची टाकून बसले होते. बाईंनी त्यांना नमस्कार केला आणि सरळ त्यांच्या सदऱ्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं. अण्णांचं ते निळं पेन, टोपण हरवू नये म्हणून दोऱ्यानं बांधलेलं. स्टँडवर गाड्यांच्या वेळा ते त्यानंच लिहायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. ते इतके चकित झाले की 'अहो' एवढंच म्हणाले. बाई आत जाऊन आईच्या पायाशी बसल्या, अंगठा धरला. "अव्वा, मी आले. पश्चात कोण कोण?"

आई बोटांवर मोजायला लागली. "ह्ये मालक. ल्योक, सून. दोन नातवंडं." थांबली. दाराकडे बघितलं. मग हळू म्हणाली, "लेकी दोन."

दारातली खुर्ची करकरली. अण्णा आत आले. "काय चाललंय ह्ये? जित्या बाईची बातमी लिवायला आलाय व्हय तुमी? नंदे, कुणाला आणलंस घरात?"

बाईंनी मान वर केली नाही. "लेकींची नावं सांगा, अव्वा."

"येक नंदा," आई म्हणाली.

"दुसरी?"

आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "मला घेता येत न्हाय. शपथ हाय."

"कुणाची?"

आईनं अण्णांकडे बोट केलं. बाई अण्णांकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "ज्यानं घातली त्यानंच सोडवायची असतीय. सुटली म्हणा."

अण्णांनी विचारलं, "कसली शपथ?"

देवाशपथ सांगते, ते नाटक नव्हतं. अण्णांना आठवतच नव्हतं. आई उठून बसायचा प्रयत्न करायला लागली, मी पाठीला आधार दिला. तिनं सगळं सांगितलं: ते चौकटीत कुठे उभे होते, ड्युटीवर जायचा खाकी शर्ट अंगात होता, एक बटण लावायचं राहिलं होतं, हातात चप्पल होती, आणि काय म्हणाले. अण्णा ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"आगं, रागानं बोललो आसंल," ते म्हणाले. "रागात मानूस काय बी बोलतंय. मला वाटलं तूच तिला टाकलीस. तू कंदी नाव काडलं न्हाईस. पोरगी एवड्या वर्सांत आटवली न्हाई हिला, म्हणलं. आई आसून हिचं काळीज एवडं घट, तर म्या बाप्यानं कसं नरमायचं?"

आई म्हणाली, "आन् मी तुमचा जीव राकत बसले व्हते."

अण्णा वळले आणि बाहेर गेले. मी मागे जायला उठले, तर बाईंनी माझी ओढणी धरली. "होगली बिडू. जाऊ दे. बसू दे त्यांना जरा." त्या आईच्या पायाशी तशाच बसून राहिल्या. बाहेर नळाचं पाणी बादलीत पडत होतं, बादली भरून वाहायला लागली, कुणी बंद केला नाही.

बऱ्याच वेळानं अण्णा आत आले. टोपी डोक्यावर नव्हती, तोंड धुतलेलं होतं. कॉटपाशी उभे राहिले आणि पुटपुटले, "सुटली."

आई म्हणाली, "मोट्यानं म्हणा. ह्या बाईंच्या म्होरं."

"सुटली गं. सुटली." माईकचा आवाज नव्हता तो. फाटलेला होता.

आईनं डोळे मिटले आणि म्हणाली, "शैला." मग पुन्हा, "शैला. शैले. आगं शैला." ती नुसतं नाव घेत राहिली. मी हुंदका आवरण्याच्या भानगडीत पडले नाही, मोठ्यानं रडले. बाईंनी कागदावर नाव लिहिलं आणि कामाच्या सुरात विचारलं, "आडनाव?"

आईनं अण्णांकडे बघितलं. अण्णांनी खिडकीकडे. "बनसोडे," ते म्हणाले. "शैला प्रमोद बनसोडे. नीट लिवा."

अक्का तासाभरात आली, प्रमोदभाऊजींच्या स्कूटरवरून, घरातल्याच साडीत. आई तिला बघून पहिलं काय म्हणाली? "किती वाळलीस गं. जेवतीस का न्हाय?" अक्का चांगली जाडजूड आहे. अण्णांनी भाऊजींना बसा म्हटलं आणि स्वतः उभेच राहिले.

आई त्यानंतर थोडेच दिवस होती, पण सगळे दिवस अक्का होती. बाई एकदा मजकूर वाचून दाखवायला आल्या. खोड आम्हीच पुरवली होती: 'कुणाच्याही घरी गेल्या तरी तिथल्या भाकरीला नावं ठेवणाऱ्या.' आईनं सगळं ऐकलं आणि हिरमुसली. "त्यात मनमिळाऊ न्हाय व्हय? घाला की."

"ते मी लिहीत न्हाई अव्वा."

"सगळ्यांचं आसतंय की वो. माजंच न्हाय म्हंजे?"

बाई म्हणाल्या, "भाकरीला नावं ठेवणारी बाई मनमिळाऊ कशी?"

"भाकरीला ठिवते. मानसाला न्हाय," आई म्हणाली.

बाई तिच्याकडे बघत राहिल्या आणि जोरात हसल्या. मग अण्णांच्या त्याच निळ्या पेनानं त्यांनी तो शब्द घातला. बाईंच्या कॉलमात छापून आलेलं ते एकमेव मनमिळाऊ. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णांनी ते आल्यागेल्याला स्वतः वाचून दाखवलं, आणि 'दोन मुली' ह्या शब्दांवर प्रत्येक वेळी थांबले. पेन परत मागायचं त्यांना सुचलं नाही.

बाई निवृत्त झाल्या आणि मैंदर्गीला भाच्याकडे राहायला गेल्या. त्यांच्या खुर्चीवर मी बसले. आता लोक मोबाईलवर फोटो, फुलं आणि मेणबत्त्यांसकट तयार मजकूर पाठवतात, खाली आरआयपी. मी त्यांना ऑफिसात या म्हणते. येतात. पाणी देते. खोड विचारते. आजाऱ्यांकडेही जाते. पायाचा अंगठा धरायला पहिल्यांदा संकोच वाटला होता, आता वाटत नाही.

ह्या हिवाळ्यात एक मनुष्य जिना चढून आला आणि टेबलावर कागद ठेवला. नाव वाचलं, आणि मला माझंच पाणी प्यावं लागलं. बाईंचा भाचा होता तो. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत म्हणाला. कागदावर पहिल्याच ओळीत: लिंगैक्य अमुक अमुक, प्रेमळ व मनमिळाऊ. मी रेघ मारली. तो म्हणाला, "ओ, मनमिळाऊ का खोडलालाव?" मी म्हटलं, "त्यांनीच शिकवलंय. खोड सांगा एक." त्यानं पिशवीतून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला आणि टेबलावर उपडा केला. पेनंच पेनं! "आत्याच्या ट्रंकेत निघाली. कुणाकुणाची हायत, देवाला ठाऊक." त्या ढिगात माझी किती होती ते जाऊ द्या. दोऱ्यानं टोपण बांधलेलं निळं पेन मी ओळखलं.

"पश्चात कोण कोण?" मी विचारलं.

तो जरा ओशाळला. "कोण असणार ओ? लगीन न्हाई, मूल न्हाई. मी हाय, माझी बायको, पोरं. एवढंच लिवा."

मी एवढंच लिहिलं. बातमी कुणाला तरी वाचून दाखवल्याशिवाय सोडायची नाही, हा बाईंचा नियम. जेवायला घरी गेले तेव्हा कागद बरोबर नेला. अण्णा आता थकलेत, कमी ऐकू येतं. त्यांच्यासमोर आधी पेन ठेवलं. त्यांनी ते उचललं, दोरा चाचपला, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना कळलं. मग म्हणाले, "वाच."

मी मोठ्यानं वाचलं. दुसऱ्याची पेनं परत न देणाऱ्या, इथपर्यंत त्यांचे ओठ हलत होते. "त्यांच्या पश्चात भाचा, भाचेसून व नातवंडे असा परिवार आहे," असं मी वाचलं आणि थांबले.

"अपुरी हाय," अण्णा म्हणाले.

"अहो अण्णा, त्यांचं लग्नच नव्हतं झालेलं."

"मला म्हाईत हाय." त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, मांडीवर ठेवला. पेन एवढ्या वर्षांनी उमटेना. दोनदा झटकलं, जिभेला लावलं, मग उमटलं. 'भाचा'च्या अलीकडे जागा करून, कंट्रोलरच्या त्या ठळक अक्षरात त्यांनी लिहिलं: दोन मुली. आणि पुढे आमची दोघींची नावं, आडनावांसकट.

सकाळी छापून आलं. नऊच्या सुमारास भाच्याचा फोन आला. आता हा भांडणार, म्हणून मी उत्तर तयारच ठेवलं होतं. तो म्हणाला, "वाचलं मी. उद्या घरी विधी हाय. आत्याच्या लेकी म्हणून तुमी दोघी पाहिजेत. लवकर या."

अण्णाही येतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटे भाऊजींनी गाडी काढली, आणि अण्णा, अक्का, मी, सगळे निघालो.